थांबण्याची विद्या

मोटारगाडीचा नाद गृहस्थास शोभत नाही, असे माझ्या एका वडीलधाऱ्या आप्तांचे मत होते. ह्या नादाने मला पुढे जी अद्दल घडविली ती आठवली म्हणजे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते, असे मला म्हणवत नाही. तथापि त्याच नादापायी मला एक धडाही मिळाला. तो मी शाळेत पदार्थविज्ञानाच्या तासाला पाठ केला होता, परंतु शिकलो मात्र नव्हतो. आपल्या वार्षिकाच्या तरुण वाचकांस तो उपयोगी पडेल, अशा समजुतीने ही हकीकत लिहीत आहे.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे माझे वास्तव्य चेन्नईस होते. त्या शहराच्या पश्चिमेस, बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, इरुंगट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. तेथे मोटारशर्यतींसाठी खास बांधलेला मार्ग असून तो १९९० साली खुला झाला. त्याचा एक फेरा सुमारे ३.७ किलोमीटरांचा भरतो. त्यापूर्वी मद्रासकडील शर्यती शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानतळाच्या धावपट्टीवर होत असत. इरुंगट्टुकोट्टैच्या मार्गावर मधून मधून असेही दिवस ठेवलेले असतात की, शुल्क भरून व शिरस्त्राण घालून तुम्हांआम्हांसारख्या सामान्य मनुष्यासही आपली नेहमीची गाडी तेथे मनसोक्त चालविता यावी.

मजजवळ १३०० घनसेंटिमीटर इंजिनाची एक जुनी चारदारी गाडी होती. पुढच्या चाकांस डिस्क आणि मागच्या चाकांस ड्रम, अशी तिची ब्रेकची व्यवस्था होती. हीच गाडी मला रोज कचेरीस नेई, सुटीत हीच मला साताऱ्याकडे घरी आणी आणि वर्षातून दोनतीन वेळा शर्यतीच्या मार्गावरही हीच उतरे. दोन धन्यांची चाकरी एकाच सेवकास किती अवघड, हे आपल्या शाळेतील मुलांस निराळे सांगावयास नको.

पदरी चार पैसे साठताच मी ते इंजिनावर उधळले. धूर बाहेर टाकणारी नळी बदलली, हवेची चाळणी बदलली आणि टायरही रुंद घातले. गाडी जोराने धावू लागली व मी तिचे कौतुक जो भेटेल त्याला सांगू लागलो. माझ्या गाडीचे काम करणारे एक वृद्ध तमिळ मिस्त्री होते. त्यांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले व एवढेच विचारले, “गाडी पळते किती, ते आपण सांगितले. ती थांबते कशी?”

“थांबते की!” असे म्हणून मी हसलो. त्या हसण्याचे प्रायश्चित्त मला लवकरच मिळावयाचे होते.

पुढच्या वेळी मी त्या मार्गावर गेलो तेव्हा चार फेरे सुरेख झाले. पाचव्या फेऱ्यास सरळ पट्ट्याच्या टोकाशी, ताशी १४० किलोमीटरांच्या आसपास वेग असताना, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात सुरी शिरावी तसे खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. वेग थोडा उतरला, परंतु वळण तर समोर येऊन ठेपले. इंजिनाच्या ओढीने तरी गाडी आवरावी म्हणून चौथ्यातून तिसरा गिअर टाकू गेलो, तो गिअरचा दांडा कढईतल्या झाऱ्यासारखा नुसताच इकडेतिकडे फिरला. तो दांडा बरेच दिवस सैल झाला होता. परंतु कचेरीच्या वाटेवर अदमासाने गिअर सापडत असे, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले होते. त्या क्षणी तो सापडला नाही. गाडी डांबर सोडून कडेच्या मऊ मातीत शिरली व धुळीचा लोट उठवीत उभी राहिली. मला खरचटलेदेखील नाही.

परंतु मातीत उभे राहून धूळ झटकीत असता माझ्या पायांस जो कंप सुटला, तो झाल्या प्रकाराचा नव्हता. आठच दिवसांनी मी ह्याच गाडीने घरी जाणार होतो व पाचगणीस राहणाऱ्या माझ्या मातुःश्रींस दम्याच्या उपचारासाठी पसरणी घाटातून खाली आणणार होतो. घाटात मऊ मातीचा पट्टा नसतो.

मिस्त्रींनी गाडी उघडली. ब्रेकचे तेल काढले तो ते काढ्यासारखे काळपट निघाले. ते कित्येक वर्षांत बदललेच गेले नव्हते. ह्या तेलाचा स्वभाव असा की, ते हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. तेच ओलसर झाल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले म्हणजे त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यात खर्ची पडतो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

ही एवढी उष्णता येते कोठून? ह्याचा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्यास करता येईल. गाडी व आतील मनुष्य मिळून १००० किलोग्रॅम धरू. ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदास ४० मीटर. अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, ह्या सूत्राने गतिज ऊर्जा आठ लाख जूल होते. वेग निम्मा केला की ती चौथाई, म्हणजे दोन लाख उरते. उरलेले सहा लाख जूल तीनचार सेकंदांत, बहुतेक सर्व, ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतात. साधे दोन लिटर पाणी उकळीस आणावयास एवढीच उष्णता लागते. फेऱ्यामागून फेरा हा बंब पेटत होता, आणि मी मात्र इंजिनाच्या घोषात मग्न होतो!

मोटारींचा इतिहासही हेच सांगतो. १९२१ साली फ्रान्समधील ल मान्स येथे ड्यूसेनबर्ग गाडी घेऊन अमेरिकेचा जिमी मर्फी फ्रेंच ग्रां प्री जिंकला, तेव्हा त्याच्या गाडीच्या चारही चाकांस द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. त्याच गावी १९५३ साली चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने जिंकली, ती डिस्क ब्रेकच्या बळावर. ज्यास उशिरा व खात्रीने थांबता येते, त्यालाच अधिक वेळ वेगाने जाता येते.

मिस्त्रींनी सुचविलेला उपाय मला प्रथम फारच साधा वाटला. मी मोठ्या डिस्क मागत होतो. ते म्हणाले, “पुढचेच ब्रेक फार बळकट केले तर पुढचे आणि मागचे ह्यांचा मेळ बिघडेल. आहे ते आधी नीट करू.” त्यांनी जुने तेल पूर्ण काढून डॉट ४ जातीचे नवे भरले, हे कोरडे असता निदान २३० अंश व ओलसर झाल्यावर १५५ अंश सोसते. चारही चाकांची हवा काढली. दाबाखाली फुगणारे रबरी होज काढून पोलादी तारांच्या विणीचे घातले. मागचे ड्रम उघडून साफ केले व लायनर जुळवून घेतले. पुढील पॅड निवडताना मी शर्यतीचे मागितले, तेव्हा त्यांनी मान हलविली. निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्याविना नीट पकडत नाहीत. सकाळी पहिल्याच चौकात एखादे मूल आडवे आले तर ते काय कामाचे? शेवटी रस्त्यावर थंडपणीही पकडतील व मार्गावर बेताची उष्णताही सोसतील, असे मधल्या प्रतीचे पॅड बसविले. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठदहा वेळा वेग उतरवून ते डिस्कवर बसवून घेतले व गाडी थंड होऊ दिली.

राहिला गिअरचा दांडा. दांड्यापासून गिअरपेटीपर्यंत गाडीखालून एक सळई जाते. तिच्या सांध्यांतील बूश झिजून गेले होते. बूश नवे घालताच निम्मा सैलपणा गेला. उरलेल्या कामासाठी दांड्याचा टेकू किंचित वर घेतला, त्यामुळे हाताची हालचाल सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. तरफेचा नियम मात्र कोणास चुकत नाही: हालचाल जितकी घटली, तितका जोर वाढला, पूर्वी चार भाग लागत असेल तेथे आता पाच भाग लागू लागला. ह्याहून आखूड केल्यास रोजच्या गर्दीत मनगट दुखेल, म्हणून मिस्त्री तेथेच थांबले. थांबावे कोठे, हे त्यांस सर्वच बाबतींत कळत होते.

ह्या साऱ्यास, मी इंजिनावर घातलेल्या पैशांचा चौथा हिस्साही लागला नाही.

ठरल्या दिवसापेक्षा थोड्या उशिराने मी घरी गेलो. पाऊस लागला होता व पसरणी घाटावर धुके उतरले होते. पाचगणीहून वाईपर्यंत अर्ध्या किलोमीटराहून अधिक उंची उतरावी लागते. हजार किलोग्रॅमांचा हिशेब केला तरी ती ऊर्जा पन्नास लाख जुलांच्या घरात जाते, म्हणजे शर्यतीच्या मार्गावरील त्या एका दाबाच्या आठपट! ती सर्व ब्रेकवर टाकणे म्हणजे तेल उकळण्यास आमंत्रणच. म्हणून जुने गाडीवान सांगतात की, ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा; निम्मा भार इंजिनाने वाहावा, निम्मा ब्रेकने. मी दुसरा गिअर टाकला. दांडा जेथे जावयाचा तेथेच गेला. प्रत्येक वळणाआधी पाय हलकेच ठेवला की गाडी आज्ञाधारकपणे मंद होई.

वाईचे दिवे दिसू लागले तेव्हा मागे वळून पाहिले, तो मातुःश्रींस झोप लागली होती. वेगाचे कौतुक करणारे मला पुष्कळ भेटले होते. परंतु माझ्या गाडीविषयी इतका नि:शंक विश्वास तोवर कोणी दाखविला नव्हता.

मित्रांनो, तुम्हांपैकी कित्येकांच्या हाती उद्या गाडी येईल व इतरही अनेक प्रकारचे सामर्थ्य येईल. ते वाढविण्याची हौस जरूर धरा. परंतु त्या वृद्ध मिस्त्रींचा प्रश्न आधी स्वतःस विचारीत जा. मला त्याचे उत्तर मातीत उभे राहून द्यावे लागले, तसे तुम्हांस न द्यावे लागो.