खाचेकडे न पाहिल्याची किंमत

बाण डावीकडे गेला की मी बोटांना दोष द्यायचे, उजवीकडे गेला की बाणाच्या स्पाइनला, म्हणजे त्याच्या कडकपणाला. टोकं बदलून पाहिली, दोरीवरचा नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण बसवायची खूण, वर-खाली सरकवला, कोपराची ठेवण बदलली. बाणाची मागची खाच दोरीवर कशी बसते, हे मात्र कितीतरी काळ तपासलंच नाही. बाण दोरीवर बसतो आणि गळून पडत नाही, एवढं मला पुरेसं वाटत होतं. आता कोणी नवीन माणूस पारंपरिक धनुष्य घेऊन आला की मी सगळ्यात आधी तीच जागा पाहते. तिथे चूक असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया जातं.

माझा लाँगबो लाकूड आणि फायबरग्लासचा, ओढ साधारण ४० पौंडांची. डेक्रॉनची दोरी मी घरीच वळलेली. पहिली चूक तिथेच झाली. जाड दोरी ती भक्कम दोरी, असं मनात धरून मी १४ पदर घेतले. या ओढीला १२ पुरतात. मधल्या भागावर, जिथे बाण बसतो आणि बोटं दोरी धरतात, तिथे ०.०२५ इंची नायलॉनच्या दोऱ्याचं सर्व्हिंग गुंडाळलं. दोन्हींमुळे दोरी फुगली. लाकडी बाणांना चिकटवलेला प्लॅस्टिकचा नॉक, म्हणजे तीच मागची खाच, तिच्यावर दाबूनच बसवावा लागे. बसताना ‘टक्’ असा आवाज यायचा आणि मला तो खात्रीचा वाटायचा.

खरं तर नॉकमध्ये पाहण्यासारख्या दोन जागा असतात. एक तोंडाशी, दोन्ही कानांमधली अरुंद वाट. दुसरी आत, जिथे दोरी टेकते ती बैठक. तोंडाने दोरीला हलकं धरायला हवं, पण बैठकीत दोरी मोकळी फिरायला हवी. माझ्या बाणांत बैठकच दोरीला आवळत होती. सुटलेली दोरी आपल्या जागी येऊन थांबते आणि बाण पुढे निघतो. त्या क्षणी नॉकने दोरी सहज सोडली नाही, तर बाणाच्या शेपटाला हिसका बसतो. मग बिनपिसांचा बाण मारून केलेली चाचणी दर वेळी वेगळंच उत्तर देते. मी त्या उत्तरांवर विश्वास ठेवला. टोकांचं वजन वाढवलं, पुन्हा कमी केलं, शेवटी चांगले बाण कापून आखूड केले. त्या बाणांचं मला अजून वाईट वाटतं.

दोष सापडला तो अगदी साध्या तपासणीत. दोरी जमिनीला समांतर राहील असं धनुष्य आडवं धरायचं आणि बाण टोक खाली करून दोरीला लटकवायचा. मग बाणाजवळ दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारायची. बाण नुसत्या वजनाने पडू नये, पण टिचकीने पडावा. माझा बाण टिचकीने जागचा हललासुद्धा नाही.

यानंतर मी जे केलं ते पहिल्या चुकीपेक्षा वाईट होतं. दोरी उसवून पुन्हा करायचा कंटाळा केला आणि सँडपेपरची घडी घालून नॉकच घासले. तोंड रुंद झालं, बैठक तशीच घट्ट राहिली. हाताच्या अंदाजाने घासल्यामुळे एक कान दुसऱ्यापेक्षा पातळ झाला. म्हणून आणखी घासलं. काही नॉक इतके सैल झाले की दोरी ओढतानाच बाण मागेपुढे डुगडुगू लागले. ते मी बाजूला काढायला हवे होते. काढले नाहीत, भात्यात चांगल्या बाणांबरोबरच राहू दिले.

एकदा पुरती ओढ घेतलेली असताना असाच एक बाण दोरीवरून निसटला आणि बोटांतून दोरी सुटली. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच राहिली. वरच्या लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या पात्याच्या, टोकाशी तडा गेला. माझ्या शेजारी, त्याच रेषेवर, शाळकरी मुली सराव करत होत्या. लिम्ब तुटून उडालं असतं तर त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडावर बसलं असतं. मी त्यांना फक्त ‘दोरी घसरली’ एवढंच सांगितलं. काय झालं आणि का झालं, हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांच्याही भात्यात असे बाण असू शकले असते.

पुढे वाचताना कळलं की खाचेने दोरी किती धरायची आणि किती सोडायची, हा पेच जुनाच आहे. इंग्लंडच्या रॉजर अ‍ॅस्कमने १५४५ साली ‘टॉक्सोफिलस’मध्ये खाचांबद्दल लिहिलं आहे. खोल, लांब खाच लढाईत दोरी पक्की धरून ठेवते, तर उथळ आणि गोल खाच निशाण्यावर मारताना बाण स्वच्छ सोडते, असं त्याचं मत. त्याच वर्षी बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेतून हजारो बाण मिळाले. त्यांच्या खाचेला काटकोनात शिंगाची पातळ पट्टी बसवलेली होती, दोरीच्या दाबाने काठी चिरू नये म्हणून. दोऱ्या मात्र उरल्या नाहीत, त्यामुळे त्यांची जाडी अभ्यासकांना बाणांच्या खाचांवरून ठरवावी लागते. म्हणजे खाच पाहून दोरी कळावी इतकं त्यांचं माप एकमेकांना बांधलेलं. मी दोन्ही वेगवेगळ्या करत बसले होते.

धनुष्य बदलल्यावर दोरी नव्याने केली. १२ पदर घेतले, त्यानेच मूळ दोरीची जाडी सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. सर्व्हिंगला ०.०२१ इंची दोरा घेतला. दोऱ्यातला फरक दोरीच्या दोन्ही बाजूंना धरला जातो, त्यामुळे आणखी ०.२ मिलिमीटर कमी झाले. नॉक एकाच बनावटीचे, न घासलेले. सुरुवातीला ते जरा घट्ट वाटले, पण मी हात लावला नाही. नवं सर्व्हिंग बाण मारता मारता दबतं, म्हणून पुन्हा टिचकी मारून पाहिल्यावरच निर्णय घ्यायचा. नॉक दोरीवर सैल पडलाच तर सर्व्हिंग उसवून खाली डेंटल फ्लॉसचे वेढे देते. नॉक उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून कान चिमटीत दाबण्याचीही रीत आहे. मी ती सोडून दिली. प्रत्येक नॉक निराळा दबतो, आणि एकाच भात्यात दोन तऱ्हेचे बाण पुन्हा नकोत. माप बदलायचं तर दोरीचं बदलते. दोरी एकच असते, बाण अनेक.

सर्व्हिंगला मेण लावणंही थांबवलं. ते तिथे साचून नॉक चिकटतो. कानांच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली की तो नॉक काढून टाकते. आणि कोणी बाण मागितला तर आधी त्यांच्याच दोरीवर लटकवून टिचकी मारते, कारण माझ्या दोरीवर नेमका बसणारा बाण त्यांच्या दोरीवर सैल असू शकतो.