आठाचे तीन गिअर

गिअर बदलणे म्हणजे काय, हे मी आधी कानांनी शिकलो. डोळ्यांनी फार नंतर. धामणगावहून यवतमाळला जाणारी एस.टी. बाभुळगावच्या थांब्यावरून हलली, की आधी एक रडका, लांबलचक सूर निघायचा. मग क्षणभर सगळे शांत. मग खालच्या पट्टीतला दुसरा सूर. त्या क्षणभराच्या शांततेत ड्रायव्हरचा डावा पाय क्लचवर दोनदा पडतो, हे मी बदलीच्या गावी जाता-येता पुढच्या बाकावर बसून पाहिले. का पडतो, ते मात्र कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. मी बी.ए.चा माणूस. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणितही शिकवावे लागे म्हणून शिकवले, इतकेच.

तर आज लिहायचे आहे ते गिअरबद्दलच, पण खेळण्यातल्या मोटारीच्या. हसू नका. यंदाच्या मे महिन्यातले माझे वीस दिवस त्यात गेले आहेत.

माझा मुलगा पुण्याला असतो. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसून त्याने लेगोची एक मोटार जोडली होती. बुगाटी शिरॉन नावाच्या फ्रेंच मोटारीची ही प्रतिकृती. कंपनीने ती २०१८ मध्ये आणली, तुकडे ३५९९. इंजिनात सोळा दट्ट्या, त्या खरोखर वरखाली होतात. गिअर आठ, आणि ते बदलायला स्टिअरिंगमागे दोन इवलीशी पाती. गंमत म्हणजे खऱ्या शिरॉनला गिअर सातच आहेत. खेळण्याने खऱ्यावर एकाने मात केली आहे! किंमत मी एकदाच विचारली. पुन्हा विचारली नाही.

ही मोटार पाच वर्षे त्याच्या दिवाणखान्यात काचेमागे उभी होती. या सुट्टीत नातू ती मांडीवर खोक्यात घेऊन रेल्वेने धामणगावला उतरला. आठवीत जाणार आहे तो. त्याला ती मोटार ‘चालवायची’ होती. म्हणजे बॅटरीवरची छोटी मोटर आत बसवून, फरशीवर. बापाने परवानगी दिली होती, पण अट घालून: "मी न्यायला येईन तेव्हा ती मोटारच दिसली पाहिजे, तुकडे नाही." 

लेगोबद्दल थोडे सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली, तिथून ही कंपनी सुरू झाली. आज आपण पाहतो ती प्लॅस्टिकची वीट १९५८ ची. दातेरी चाके आणि दांडे असलेले संच १९७७ पासून निघू लागले, आणि १९९४ च्या त्यांच्या मोठ्या मोटारीत चार गिअर होते. चाराचे पुढे आठ झाले. वाढवत जाण्याची हौस माणसाला फार.

पहिल्या दिवशी नातवाने मोटर जोडली, कळ दाबली. घुं... असा आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबली, तर आतला एक दांडा पीळ भरल्यासारखा वळलेला दिसला. आमच्या शेजारी पिठाची चक्की आहे. तिचा मालक माझा जुना विद्यार्थी, तो पाहायला आला होता. म्हणाला, "गुरुजी, चाकं जास्त झाले याच्यात. इंजनाचा अर्धा जोर तं चाकंच खाऊन राहिले." पट्ट्याची चक्की चालवून चालवून आलेले शहाणपण ते! त्याचे म्हणणे अगदी खरे होते. प्रत्येक ठिकाणी दात दाताला घासतो, दांडा भोकात घासतो, आणि जे गिअर वापरात नाहीत त्यांचीही चाके फुकट फिरत राहतात. यात कंपनीचा दोष म्हणता येणार नाही. ती मोटार हाताने ढकलून आतली करामत बघण्यासाठी केलेली आहे, धावण्यासाठी नव्हे. त्याच लेगोने २०१८ मध्ये खऱ्या आकाराची शिरॉन बांधली, दहा लाखांहून जास्त तुकड्यांची, माणूस आत बसवून चालवता येईल अशी. तिला ढकलायला २३०४ छोट्या मोटरी लागल्या आणि वेग मिळाला ताशी वीस किलोमीटरच्या थोडा वर. ती चालवणारा अँडी वॉलेस हाच माणूस पुढच्या वर्षी खरी शिरॉन घेऊन ताशी ४९० च्या पुढे गेला. खेळणे आणि खरी मोटार यांतले अंतर या दोन आकड्यांत दिसते.

मग ठरले, की गिअर कमी करायचे. पण किती, आणि कोणते काढायचे?

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जोडणीची ती जाडजूड पुस्तिका मी चाळली. प्रत्येक पायरीला चित्र, कोणता तुकडा कुठे लावायचा त्याला बाण. पायऱ्या समजायला शब्द लागत नाहीत. चित्र बघून लावत गेले की मोटार तयार होते. माझ्या मुलाने ती अशीच, एकही चूक न करता जोडली होती. पण "पाचव्या गिअरला जोर कोणत्या चाकातून जातो रे?" असे मी फोनवर विचारले, तर म्हणाला, "बाबा, ते बघावं लागेल." मी त्याला नावे ठेवत नाही. सोडवलेली उदाहरणे वहीत उतरवणारी कितीतरी मुले मी वर्गात पाहिली आहेत, आणि त्यांची वही नेहमी सुंदर असते.

आधी गाडीचे दोन भाग वेगळे करावे लागले. पुढचा सांगाडा आणि मागचा इंजिनाचा भाग एकमेकांत बसवणे, याला मोटारींच्या कारखान्यात ‘लग्न’ म्हणतात म्हणे. लेगोनेही तीच रीत ठेवली आहे. आम्ही फारकत केली. नातू भराभर तुकडे काढत होता. माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो, त्यामुळे दांड्यातून चाक ओढणे मला जमत नव्हते. एकदा प्रयत्न केला तर तीन चाके पलंगाखाली गेली. नातवाने काही न बोलता ती शोधून आणली आणि माझ्यासमोर जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग आणि पेन्सिल ठेवली. "आबा, तुम्ही हिशेब करा." कामाची वाटणी झाली. माझे आकडे आता वेडेवाकडे येतात, पण त्याला ते वाचता येत होते.

चाकांचे दात मोजून मांडले: ८, १२, १६, २०, २४. तुळईतली भोके आठ-आठ मिलिमीटरवर. दोन दांडे एक भोक सोडून लावले, म्हणजे सोळा मिलिमीटर अंतरावर, की कोणत्या जोड्या बसतात? ८ आणि २४. १२ आणि २०. १६ आणि १६. मी बघतच राहिलो. बेरीज दरवेळी बत्तीस! बेरीज कायम, गुणोत्तर बदलते. असे उदाहरण मला नोकरीत असताना मिळाले असते तर मी ते सातवीच्या टेबलावर ठेवले असते आणि तासभर गप्प बसलो असतो.

आता ती यंत्रणा. दांडा अधिकच्या चिन्हासारखा असतो. ज्या चाकाचे भोकही तसेच, ते दांड्याबरोबर फिरते. ज्याचे भोक गोल, ते दांड्यावर मोकळे गरगरते. अशी मोकळी, अडकवता येणारी चाके त्याच्याजवळ सोळा आणि वीस दातांची होती. त्यांच्यामध्ये एक सरकते कडे असते. ते डावीकडे सरकवले की एक चाक दांड्याला जखडले जाते, उजवीकडे सरकवले की दुसरे. गिअर टाकणे म्हणजे एवढेच. आमच्या बंडीची दोन्ही चाके आसावर मोकळी असतात, म्हणून वळणावर ती आपापल्या गतीने फिरतात. मोटारीला मात्र चाकांना जोर पोचवायचा असतो, म्हणून तिथे डिफरन्शिअल लागते. ते आम्ही हात न लावता ठेवले.

नातवाची पहिली योजना अशी: दोन टप्पे, प्रत्येक टप्प्यात दोन जोड्या. १६ वरून १६, नाहीतर १२ वरून २०. दोन दुणे चार गिअर. मोटरीपुढे ८ वरून २४ अशी एक जोडी, वेग तिसरा हिस्सा करून जोर वाढवायला. गाडी हलली! आम्ही दोघे ओरडलो. फरशा मोजून, मोबाइलवर वेळ लावून त्याने चारही गिअर तपासले आणि कपाळाला आठी घालून परत आला. "आबा, दुसरा आणि तिसरा सारखाच जातोय." पाच वेळा बघितले. सारखाच.

मी कॅलेंडर त्याच्याकडे सरकवले. उत्तर सांगितले नाही. तो बराच वेळ पाहत होता. मग हळूच म्हणाला, "तीन पंचमांश गुणिले एक... आणि एक गुणिले तीन पंचमांश."

क्रमनिरपेक्षता. पुस्तकात हा शब्द आला की वर्गात जांभया सुरू व्हायच्या.

दुसऱ्या दिवशी त्याने मागचा टप्पा उलटा केला: २० वरून १२. आता गुणोत्तर पाच तृतीयांश. पुन्हा फरशी, पुन्हा वेळ. आता पहिल्याच्या आणि चौथ्याच्या वेळा जुळल्या! तीन पंचमांश गुणिले पाच तृतीयांश बरोबर एक. या वेळी मला काही करावे लागले नाही. तो स्वतःच फरशीवर आडवा पडून हसत सुटला. "चार गिअर लावले तरी तीनच मिळतात!" मग उठून बसला. "मग चौथा हवाच कशाला?"

दोन टप्प्यांचा एक टप्पा झाला. दोन दांडे, सहा चाके, तीन गिअर: तीन पंचमांश, एक, पाच तृतीयांश. मागे जायला वेगळा गिअर लागला नाही, मोटरच उलटी फिरवता येते. स्टिअरिंगमागची ती दोन पाती मात्र गेली, कारण त्यांची सगळी यंत्रणा आठांसाठी होती. त्या जागी बैठकीच्या मध्ये एक साधा दांडा आला, एस.टी.सारखा. काढलेल्या तुकड्यांनी बिस्किटांचा एक मोठा डबा भरला.

मुलगा रविवारी दुपारी आला, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात. पाणी पिण्याआधी त्याने गाडी पाहिली. बाहेरून ती तशीच होती. त्याने वाकून दोन बोटे स्टिअरिंगमागे घातली आणि चाचपत राहिला. नातू माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोललो नाही. हा त्या दोघांचा मामला होता.

"पॅडल कुठे आहेत?"

"डब्यात आहेत. सगळं परत लावता येतं, बाबा. पण आधी चालवून बघ ना."

मुलगा थोडा वेळ उभाच राहिला. मग पँट वर ओढून फरशीवर बसला, दांडा पुढे टोचून एकदम तिसऱ्यात टाकला आणि कळ दाबली. घुं... आवाज आला, गाडी जागेवरच.

"अरे, पहिल्यात टाक आधी," नातू म्हणाला. "तिसऱ्यात वेग आहे, पण जोर कमी आहे. उभ्या गाडीला जोर लागतो." आणि मग का, ते सगळे चाकांचे दात मोजून सांगू लागला. कॅलेंडर शोधायला उठला. त्याच्या बापाने पाणी शेवटी अर्ध्या तासाने मागितले.

दोघे दुसऱ्या दिवशी गेले. गाडी खोक्यात गेली, डबा इथेच राहिला. विसरला, की मुद्दाम ठेवला, कोण जाणे. डॉक्टरांनी मला बोटांचा व्यायाम सांगितला आहे, रबरी चेंडू दाबायचा. तो मला कंटाळवाणा वाटतो. त्याऐवजी रोज सकाळी चहानंतर मी डबा उघडतो आणि चाके दातांप्रमाणे वेगळी करून दांड्यांवर ओवतो. बारा दातांचे सगळ्यांत त्रास देते. काल सात ओवली.