गाडीची रोजकीर्द

साफ बंद पडलेल्या गाडीचा मनस्ताप एकदाच होतो. कारागीर येतो, दोष हाती लागतो, खर्च पडतो आणि विषय संपतो. जी गाडी दहा वेळा निमूटपणे सुरू होते आणि अकराव्या वेळी नकार देते, तिचा ताप मात्र घराला महिनोन्महिने पुरतो. कारागिराच्या दारात नेली, की तीच गाडी किल्ली फिरवताच अशी चालू होते की तक्रार सांगणाराच खोटा पडावा. पेढीवरच्या माणसांना हा अनुभव परका नाही. मेळ साफ चुकला तर चूक लवकर सापडते. एका आठवड्यात जुळणारा आणि दुसऱ्या आठवड्यात न जुळणारा गल्ला अधिक घातक. तो पैसे नीट मोजण्याआधीच माणसांवर संशय घ्यायला लावतो.

सोलापुरातील एका आडत पेढीच्या घरी २००६ साली असाच एक न जुळणारा गल्ला चार चाकांवर उभा होता. गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची, १९८४ मध्ये घेतलेली. तोपर्यंत या गाडीचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली होती आणि पेढीच्या बरोबरीच्या घरांत नव्या गाड्या आल्या होत्या. थोरले काका मात्र ही विकायला तयार नव्हते. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, त्यांच्या पश्चात का होईना, ही मोटार बाहेर पडली, एवढे कारण काकांना पुरत असे. व्यवहाराच्या दृष्टीने हे कारण लंगडे होते. पण प्रत्येक व्यवहारी घरात एखादी तरी वस्तू अशी असते, की जिचा हिशेब कोणी मागत नाही.

गाडी दोन हातांत असे. सकाळी पुतण्या ती पेढीवर नेई. रब्बीची ज्वारी निघू लागली, की मंगळवेढ्याच्या बाजूला माल पाहण्यासाठी ती मामांकडे जाई. मामा म्हणजे घरचे ड्रायव्हर. बावीस वर्षे तेच गाडी चालवत होते आणि घरातल्या मुलांनी दिलेले हे नाव मोठ्यांच्याही तोंडी बसले होते. त्या वर्षी माघ महिन्यापासून गाडी वाटेत अडू लागली. एखाद्या गावी थांबून, पोत्यांतून नमुने काढून परत येऊन बसावे, तर किल्लीला उत्तर नाही. पुतण्याच्या हाती मात्र ती रोज सकाळी पहिल्या फिरकीत सुरू होई. दोनदा टोचन लावून गाडी आणावी लागली. दुसऱ्या खेपेला टोचनाचा खर्च मामांच्या नावे टाकला गेला. गाडी एकाच माणसाच्या हाती बिघडते, यावरून काढलेला निष्कर्ष घरातील कोणालाच वावगा वाटला नाही. पाडव्यानंतर नवा माणूस पाहावा, इथपर्यंत बोलणे गेले होते.

मधल्या काळात अंदाजाने बरेच काही बदलून झाले. आधी नवी बॅटरी आली. मग स्टार्टर उतरवून त्याचे बुश आणि कार्बन बदलले. मग किल्लीचा स्विच. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी चार-सहा दिवस नीट चाले आणि तेवढ्यावर ती दुरुस्ती यशस्वी म्हणून जाहीर होई. अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषाचा हाच मोठा फसवा गुण आहे. तो आपोआपही थांबतो, आणि त्याच वेळी ज्याने हात लावलेला असतो त्याला श्रेय मिळते.

खरे तर ‘गाडी सुरू होत नाही’ ही तक्रारच अपुरी आहे. तिच्या पोटात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. किल्ली फिरवल्यावर इंजिन घरघर फिरते पण पेट घेत नाही, ही एक. अशा वेळी ठिणगी किंवा पेट्रोल यांपैकी काहीतरी पोहोचत नसते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापून आतच वाफ धरते. त्यावर ओले फडके टाकून दहा मिनिटे झाडाखाली थांबणारे ड्रायव्हर एका पिढीने पाहिले आहेत. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही याच वर्गातली. दुसरी तक्रार अशी, की इंजिन फिरतच नाही. एक ‘टक्’ असा आवाज येतो आणि शांतता. इथे पेट्रोलचा काही संबंध नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी आणि स्टार्टरकडून परत बॅटरीकडे येणारी वीज कुठेतरी अडते आहे, एवढाच याचा अर्थ. या दोन तक्रारी वेगळ्या न केल्यामुळे किती घरांत चांगले पंप आणि चांगल्या बॅटऱ्या निकालात निघाल्या असतील, कोण जाणे.

तोडगा सुचला तो दिवाणजींना. त्यांनी आयुष्यात गाडीचे चाक हाती धरले नव्हते. पण तूट शोधण्याचा त्यांचा रिवाज एकच होता. आधी नोंद, मग तर्क. मागील सालची एक कोरी राहिलेली रोजकीर्द त्यांनी गाडीत ठेवायला दिली. प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना एक ओळ लिहायची: तारीख, वेळ, चालवणारा, आधी किती किलोमीटर चालली, किती वेळ उभी होती आणि किल्ली फिरवल्यावर नेमके काय झाले. सुरू झाली तर जमेच्या बाजूला, न झाली तर नावेच्या. सुरू झालेल्या वेळाही लिहायच्या, हा त्यांचा आग्रह विशेष शहाणपणाचा होता. नुसते अपयश लिहिले, तर ते कशामुळे वेगळे पडते हे कधीच कळत नाही.

सात आठवड्यांत ९४ नोंदी झाल्या. त्यांपैकी ८५ जमा, ९ नावे. मामांचे अक्षर मोठे आणि अवघडलेले, पुतण्याचे घाईचे. दिवाणजींनी एका संध्याकाळी खतावणी करावी तशी ती वही फोडली आणि जे समोर आले ते विलक्षण साधे होते. नऊही वेळा गाडी पंचवीस किलोमीटरहून अधिक चालून आलेली होती. नऊही वेळा ती दहा ते चाळीस मिनिटे उभी होती. दोन तासांहून अधिक विसावा मिळाल्यावर ती एकदाही अडली नव्हती, आणि पहाटेच्या गारव्यात तर नाहीच. नऊही वेळा आवाज तोच, एक ‘टक्’.

नवापैकी आठ नोंदी मामांच्या होत्या. नववी पुतण्याची होती. नात्यातल्या एका लग्नाहून परत येताना मोहोळजवळ चहाला थांबला असता त्याला हा अनुभव आला होता. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि घरी कोणाला सांगण्याची गरज नव्हती. तरी त्याने ती ओळ लिहिली होती. त्या एका ओळीने सारा हिशेब फिरवला. दोष माणसाबरोबर जात नव्हता, तापल्या गाडीबरोबर जात होता. मामांच्या वाट्याला तापलेली गाडी येई आणि पुतण्याच्या वाट्याला निवालेली, इतकेच.

पुढचे काम सोपे झाले. ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात गाडी उभी करण्याऐवजी त्यालाच गाडीत बसवून तीस किलोमीटर फिरवून आणले, एका कडुलिंबाखाली गाडी पंधरा मिनिटे उभी केली आणि मग किल्ली फिरवली. ‘टक्.’ त्याने गिअर न्यूट्रल असल्याची आणि हँडब्रेक ओढल्याची खात्री केली, पुतण्याला हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवायला लावली आणि मल्टिमीटर काढला. (अंगठीची सूचना किरकोळ नव्हे. बॅटरीचे धन टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये अंगठी सापडली, तर ती क्षणात लाल होते.) किल्ली फिरवून धरली असताना बॅटरीच्या दोन टोकांवर ११ व्होल्टहून अधिक दाब होता. बॅटरी थकलेली असती, तर तो ८-९ पर्यंत कोसळला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग त्याने एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूला लावली. तिथे अर्ध्या व्होल्टहून कमी दिसायला हवे. दिसले जवळजवळ ७.

इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते, त्यामुळे त्याचा गाडीच्या सांगाड्याशी विजेचा संबंध आपोआप राहत नाही. तो तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीने जोडलेला असतो. स्टार्टरकडे गेलेली सारी वीज याच पट्टीवरून परत फिरते. या पट्टीचे एक टोक बावीस वर्षांच्या तेला-धुळीने आणि गंजाने माखून गेले होते. नट-बोल्ट जागेवर होता, पकड नव्हती. लहान गाडीच्या स्टार्टरला दीडशेच्या आसपास अँपिअर लागतात. सांध्यात नुसता ०.०२ ओहम विरोध असला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारापैकी तीन! शंभर पोती पाठवावीत आणि पंचवीस वाटेतच उतरवून घेतली जावीत, तसा हा व्यवहार. इथे तर सांधा तापल्यावर त्याहूनही अधिक गिळत होता. आणि दिवे? ते ठणठणीत लागत, कारण त्यांना लागणारी वीज थोडी. लहान रकमेला खरा उतरणारा आसामी मोठ्या हुंडीच्या वेळी हात वर करतो, तशी त्या सांध्याची पत होती.

उष्णतेचा भाग असा. तांब्याचा विरोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तापमान साठ अंशांनी चढले, की तो जवळजवळ पावपट अधिक होतो. शिवाय ढिला, गंजलेला सांधा तापून प्रसरण पावताना कधी टेकतो, कधी सुटतो. निवला, की पुन्हा टेकतो. थांबलेल्या गाडीत वारा लागत नाही आणि इंजिनाची धग वर येते, म्हणून पहिला अर्धा तास सर्वांत वाईट.

इलेक्ट्रिशियनने पट्टीवर बोट टेकवले आणि चटकन मागे घेतले. तेव्हा मामा हळूच म्हणाले, “ती तापते, हे मी माघातच बोललो होतो, शेठजी.” बोलले होते खरे. त्या वेळी ते निमित्त वाटले होते.

बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून नवी पट्टी बसवली. दोन्ही टोकांखालची जागा काचकागदाने घासून धातू चकचकीत केला, बोल्ट आवळले, वरून व्हॅसलीनचा पातळ हात दिला. वीस मिनिटांचे काम. पट्टीची किंमत मंगळवेढ्याच्या एका फेरीच्या पेट्रोलहून कमी होती. त्याच उन्हात गाडी पुन्हा तापवून, पुन्हा थांबवून पाहिली आणि ती वहीत जमेच्या बाजूला गेली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेढीची कीर्द मागवून घेतली. टोचनखर्चाची मामांच्या नावे टाकलेली रक्कम त्यांनी दिवाणजींकडून न करवता स्वतःच्या हाताने उलट जमा केली आणि खुलाशाच्या जागी लिहिले: ‘दोष गाडीच्या अर्थिंगचा. रक्कम चुकून नावे पडली होती.’ मग मामांना बोलावून ती ओळ वाचून दाखवली. मामांनी ती ऐकून घेतली आणि विचारले, “परवा मंगळवेढ्याला निघायचंय ना? मग आज हवा भरून घेतो.”