अब्बांचं बोट

वडीगोद्रीच्या घरी अब्बांचा रेकॉर्ड प्लेअर बऱ्याच वर्षांनी लावला. श्रीकांत ठाकरेंच्या चालीतली मोहम्मद रफींची मराठी गाणी, अन् मागे सतत घूंऽऽ. अम्मी म्हणाली, "भंगारवाले को दे डाल."

सुई बदलली, फरक नाही. सुईच्या दांडीच्या बुडाला बोट लावलं, तर घूं बंद! घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा आवाज दांडीचा धातू पकडत होता. माझं अंग आर्थिंग झालं होतं. दांडीपासून अॅम्प्लिफायरला जाणारी बारीक तार सुटलेली होती. टोक घासून स्क्रूखाली आवळलं. रफीसाहेब स्वच्छ ऐकू आले.

अम्मी येऊन बसली. "तेरे अब्बा भी ऐसाच उंगली रखके बैठते थे."

लहानपणी मला वाटायचं, मायेनं ठेवतात. आम्हाला गाणं नीट ऐकू यावं म्हणून ते स्वतःच तार झाले होते.