मूतखडा

आमच्या देवणीच्या माणसाला बैलाबद्दल कितीही बोलता येते. स्वतःच्या दुखण्याबद्दल तो दोन शब्द बोलेल तर शपथ! काळ्या-पांढऱ्या देवणी गुरांनी गावाचे नाव दूरवर नेले आहे. मी लहान असताना दादांचा, म्हणजे वडिलांचा, असाच एक बैल लघवी तुंबून गेला. त्या रात्री दादा त्याच्या मानेवर हात ठेवून गोठ्यातच बसून राहिले. "मुकं जनावर, सांगल कसं?" एवढेच ते बोलले.

आणि तेच दादा पुढे स्वतः दोन वर्षे गप्प राहिले.

रात्री चार-चार वेळा त्यांची खाट कुरकुरे. म्हातारपणच ते, असे म्हणून मी कूस बदलीत असे. एकदा न्हाणीत तांबडे पाणी दिसले, तेव्हा मात्र मी खोदून विचारले. "घरात सून हाय. काय सांगावं असलं?" भिंतीकडे पाहत दादा म्हणाले.

लातूरला तपासणी झाली. प्रोस्टेटची गाठ वाढल्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नव्हते; साचलेल्या लघवीतले क्षार थरावर थर धरून सुपारीएवढा खडा झाला होता.

"पोट फाडणार का?" दादांनी विचारले.

"काका, एक टाकाही पडणार नाही," डॉक्टर हसले.

मी पडलो मास्तर. बाहेर बसून वाचणे हाच माझा धीर. सुश्रुताने मूतखडा कापून काढण्याची रीत सांगितली, पण आधी राजाची परवानगी घ्या असेही बजावले. कारण न कापले तर मरण निश्चित आणि कापले तरी जगणे संशयाचे. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हिआलने न कापता, लघवीच्या वाटेने हत्यार घालून माणसाचा खडा फोडला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या बिगेलोने फोडलेला चुरा त्याच बैठकीत धुऊन काढला. लहान मुलांची वाट त्यासाठी फार अरुंद, असे मोठमोठे म्हणत; १८८० च्या दशकात आपल्या होळकरांच्या इंदुरात डॉक्टर कीगनने ते खोटे ठरविले. आता त्याच वाटेने दिव्याची बारीक नळी जाते, लेसरच्या तारेने खड्याचा भुगा होतो आणि पाणी तो बाहेर आणते. गाठही त्याच वाटेने तासतात.

थोड्या वेळाने माझ्या हाती एक बाटली आली. तळाशी नदीच्या वाळूसारखा चुरा! दोन वर्षांची झोप त्या चिमूटभर वाळूने खाल्ली होती. मी कादंबऱ्यांतून माणसांची मने वाचतो, असे लोक म्हणतात. पलीकडच्या खाटेची कुरकुर मात्र मला वाचता आली नाही. बैल मुका होता. दादा मुके नव्हते. त्यांना कुणी विचारले नव्हते.

आता ओट्यावर जमणाऱ्या म्हाताऱ्यांना दादा ती बाटली कौतुकाने दाखवितात. परवा वसुबारसेला सगळे उठून गेल्यावर त्यांतले एक आजोबा मागे रेंगाळले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले,

"मास्तर, लातूरला पुन्हा कधी जाणार हाव?"