जंगलावरची पुस्तके आणि बांबूची चोपडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली आणि सगळे खण रिकामे करावे लागले. त्या निमित्ताने ध्यानात आले, की एक अख्खा खण आम्ही नकळत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना देऊन टाकला आहे. इतिहास, नक्षलवाद, वाघ, आदिवासी, पर्यावरण अशा विषयांवरची मराठी-इंग्रजी पुस्तके तेथे दाटीवाटीने उभी होती. आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, लाल कापडी बांधणीची एक लांबट चोपडी. आमचे वडील १९६०च्या दशकात बांबूच्या एका ठेकेदाराकडे मुनीम होते. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. आणि १९६४ पर्यंत चंद्रपूरलाही सरकारदरबारी चांदा असेच म्हणत. चोपडी त्या काळची.

नवी पुस्तके आणि ही जुनी चोपडी शेजारी ठेवून वाचण्याचा योग असा आला. त्यातून जे सुचले ते येथे मांडतो.

या भागावरची बहुतेक पुस्तके दोन दारांनी आत शिरतात. एक दार वाघाचे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झाले, आणि आज वाघाच्या छायाचित्रांनी सजलेल्या पुस्तकांना तोटा नाही. दुसरे दार बंदुकीचे. १९८० मध्ये पीपल्स वॉरच्या पहिल्या तुकड्या सिरोंच्याच्या बाजूने या जंगलात आल्या. राहुल पंडिता यांचे ‘हॅलो बस्तर’ (२०११) ही कथा सांगते. नंदिनी सुंदर यांचे ‘द बर्निंग फॉरेस्ट’ (२०१६) इंद्रावतीपलीकडच्या बस्तरची होरपळ सांगते. हेमलकशात राहून लिहिणाऱ्या विलास मनोहरांचे ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ त्याहून जुने, आणि आमच्या मते माणसांच्या अधिक जवळचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांच्या या प्रकरणावर आता आणखी पुस्तके निघतील, आणि निघायला हवीत.

पण या दोन दारांनी आत गेलेल्या वाचकाला बांबू सहसा दिसत नाही. तो गस्तीच्या वाटेवर असतो, वाघाच्या मागे असतो, पार्श्वभूमी म्हणून असतो. तो कोणाचा, कोण तोडतो, कोण मोजतो आणि पैसा कोठे जातो, हे प्रश्न मागे राहतात. आमच्या समजुतीप्रमाणे या जिल्ह्यांचे राजकारण ऐंशी सालाच्या कितीतरी आधीपासून याच प्रश्नांभोवती फिरत आले आहे.

असा विचार करायला आम्हाला एका अलीकडच्याच पुस्तकाने लावले. रामचंद्र गुहा यांचे ‘स्पीकिंग विथ नेचर’ (२०२४) भारतातील पर्यावरणविचाराच्या आरंभीच्या माणसांची ओळख करून देते. त्यांत जे. सी. कुमारप्पा आहेत. हे गृहस्थ मूळचे हिशेबनीस. लंडनला त्या विद्येचे शिक्षण घेतलेले, मुंबईत व्यवसाय केलेला. पुढे गांधीजींकडे आले आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत बसून पाहू लागले. वर्धा म्हणजे आमच्या शेजारचाच जिल्हा. कुमारप्पांनी अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार मानले. कोळसा, लोखंड, तेल हा साठा आहे, काढाल तितका घटणार. जंगल आणि वाहते पाणी हा प्रवाह आहे, जपून घेतला तर पिढ्यान्पिढ्या मिळणार. साठ्यासाठी माणसे भांडतात, असे त्यांचे निदान. चंद्रपूरचा कोळसा आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज एका बाजूला, बांबू, मोह, तेंदू दुसऱ्या बाजूला, अशी आमच्या दोन जिल्ह्यांची वाटणी या हिशेबनिसाने जणू आधीच करून ठेवली होती.

हिशेबाचा विषय निघाल्यावर चोपडी उघडणे भागच होते. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे. डावीकडे नाव, मग गाव, मग तोडलेल्या बांबूंचे बंडल, मजुरी, वजा, आणि शेवटी चुकारा. चुकाऱ्यासमोर अंगठा. पानामागून पान निळे अंगठे. ‘वजा’ या रकान्यात मीठ, तांदूळ, तंबाखू अशी उधारी लिहिलेली आहे. चार-पाच पाने वाचल्यावर आम्ही थबकलो. एका आठवड्यात सर्वांच्या नावे तीच उधारी, तेवढीच रक्कम. एकट्या माणसाचीही आणि सहा जणांच्या कुटुंबाचीही. ज्याला थोडेफार जमाखर्च कळते त्याला एवढे पुरेसे आहे. वडिलांना ते कळत नव्हते असे म्हणण्याची सोय आम्हाला नाही. त्यांनी सांगितलेले लिहिले, त्यांना पगार मिळाला, त्या पगारातून आमची फी भरली गेली आणि पुढे हा पुस्तकांचा खण उभा राहिला. वडील आता नाहीत. ते असते तरी आम्ही त्यांना विचारले असते की नाही, याची खात्री देता येत नाही.

या चोपडीत जंगल कोणाचे हा प्रश्न कोठेही नाही, कारण तो आधीच निकालात निघालेला होता. १९२७च्या वनकायद्याने बांबूला वृक्षांत बसवले होते. १९५० मध्ये, चांदा मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी आणि जमीनदारी संपवणारा कायदा झाला आणि ती जंगले सरकारची झाली. गावाच्या वाट्याला निस्तारापुरते सरपण आणि बांबू राहिले. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाचा सामूहिक हक्क मान्य केला आणि बांबूला गौण वनोपजात घातले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याचा. गवत की झाड, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. स्थानिक लोक त्याला ‘टीपी बुक’ म्हणतात. या जिल्ह्यांशी संबंधित कोणते नवे पुस्तक सर्वांत महत्त्वाचे, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही या पुस्तकाचे नाव घेऊ. त्याला लेखक नाही. मात्र त्यावर सही कोणाची, हा शंभर वर्षांच्या इतिहासाचा प्रश्न होता.

त्यामागची कहाणी मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात सांगितली आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे आता सर्वांना ठाऊक आहेत. परंतु या पुस्तकाचा गुण असा, की ते सभांना कंटाळत नाही. बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरवायचे, म्हणजे एक माणूस अडला तरी थांबायचे, अभ्यासगटात बसून कायदा वाचायचा. हे सगळे कादंबरीसारखे रंगत नाही, पण लोकशाही नावाची गोष्ट बहुधा अशीच कंटाळवाणी असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावची हकीकत माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखांतून सांगितली आहे. तेथे २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले. पाल्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, फळे हाती येत नाहीत. म्हणून उन्हाळ्यातला रोख पैसा सोडला आणि बांबूवर भिस्त ठेवली. साठा आणि प्रवाह यांचा फरक या गावाने ठरावात उतरवला.

याचा अर्थ सारे सुरळीत आहे असा नव्हे. हक्क मिळालेल्या गावांना व्यापारी शोधावा लागतो, भाव पडतो, हिशेबावरून गावात भांडणे होतात. सुरजागडच्या खाणीत पगार दर महिन्याला मिळतो, आणि तरुण पोराला त्याचे मोल कळते. त्याला प्रवाहाची अर्थव्यवस्था समजावून सांगण्याचा अधिकार, ज्यांची फी त्या ‘वजा’च्या रकान्यातून आली, त्या आम्हाला कितपत आहे? शिवाय आमच्या खणात गोंडी किंवा माडिया भाषेतले एकही पुस्तक नाही. असते तरी आम्हाला वाचता आले नसते.

दिवाळीनंतर धानोरा तालुक्यातील एका छोट्या गावी जाणे झाले. ग्रामसभेचे दप्तर सांभाळणारी मुलगी पंचविशीतली. तिने बांबूचा हिशेब दाखवला. रकाने तेच होते, नाव, बंडल, मजुरी, चुकारा. ‘वजा’ नव्हते, आणि अंगठ्यांच्या जागी बहुतेक सह्या होत्या. बोलता बोलता आम्ही वडिलांच्या चोपडीचा उल्लेख केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यात माझ्या आबाजीचं नाव असेल का, सर?”

परत आल्यावर शोधले. नाव सापडले. त्या आठवड्याची उधारीही इतरांइतकीच होती. आम्ही त्या पानाची छायाप्रत पाठवणार होतो. पण पाकीट बंद करताना वाटले, की यातला अंगठा तिच्या घरचा आहे, आमच्या घरचे आहे ते फक्त अक्षर. चोपडीच्या प्रती आम्ही आमच्याकडे ठेवल्या आणि मूळ चोपडी ग्रामसभेच्या पत्त्यावर रवाना केली.