दोषाची वांटणी

महाड-पोलादपूरकडील मनुष्यास अपघाताची वार्ता नवी नाहीं. २०१८ च्या जुलैंत आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठाची बस दरींत कोसळून ३० माणसें गेलीं. अशा वेळीं आपण दैवाकडे बोट दाखवितों. आमच्या घरींही प्रथम तेंच झालें.

२०१७ च्या पावसाळ्यांत आमचे कनिष्ठ बंधु पोलादपूरनजीक महामार्गानें पायीं येत असतां एका मोटारीनें त्यांस उडविलें. आम्ही दहा पावलें मागें होतों. पाय कायमचा अधू झाला. मातोश्री म्हणाल्या, "भोग होता, जखमेचे पैसे कसले मागतां?" परंतु मिळवता हात अंथरुणास खिळला होता आणि दोन मुलें शिकत होतीं. अखेर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें अर्ज केला.

वकिलांनीं कायदा समजाविला. दोष न पाहतां मिळणारी रक्कम त्या काळीं कायम अपंगत्वास २५,००० रुपये एवढीच होती. २०२२ च्या एप्रिलपासून गंभीर इजेस ती अडीच लाख झाली. अधिक हवें तर चालकाची हयगय अर्जदारानेंच सिद्ध करावयाची. मात्र फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाहीं. १९७७ सालीं, नागपूरहून पांढुर्ण्यास जातांना झाडावर आदळलेल्या मोटारीच्या प्रकरणीं, सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं घटनाच दोष बोलून दाखवीत असेल तर खुलासा प्रतिपक्षानें करावा. धुरावरून अग्नि ओळखण्याचाच हा मार्ग, म्हणून आम्हांस समाधान वाटलें.

पण अनुमान दोन्ही बाजूंस चालतें. साक्षींत आम्हांस विचारलें, "बंधु कोठून चालत होते?" चिखल चुकविण्यासाठीं ते डांबरी रस्त्यावर बरेच आंत आले होते. अर्जदाराचा दोष निघाल्यास भरपाई त्या प्रमाणांत कापतात, हें आम्हांस ठाऊक होतें. समोर भावजय बसल्या होत्या. आम्हीं खरें तेंच सांगितलें. चौथा हिस्सा कापला गेला.

परततांना कोणी बोललें नाहीं. रात्रीं बंधु म्हणाले, "अण्णा, विचारलें असतें तर मीही तेंच सांगितलें असतें." तरीही आमच्या सत्याची किंमत त्यांच्या ताटांतून गेली, ही रुखरुख जात नाहीं.

वाचकांस इतकेंच सांगणें कीं, दैवास बोल लावीत बसूं नये. पंचनामा, वैद्यकीय कागद व साक्षीदारांचीं नांवें त्वरित मिळवावीं, अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा. आणि दुसऱ्याचा दोष दाखवावयास निघतांना आपलाही सांगण्याची तयारी ठेवावी.